साठीनंतर पद्मिनीवर काम करताना

कव्हर टाकून दोन-तीन वर्षं उभी असलेली प्रीमियर पद्मिनी (आपली जुनी फियाट) बहुतेक वेळा एकाच अवस्थेत सापडते. बॅटरी उतरलेली, मागची दोन चाकं काढून गाडी विटांवर, कार्बोरेटर खोलून श्रीखंडाच्या डब्यात, आणि तो डबा नेमका कुठे ठेवला ते कुणालाच आठवत नाही. मालक साठीच्या पुढचा असेल तर घरचे म्हणतात, आता वय झालं, होत नाही त्यांच्याकडून. पण मन उडायला त्याआधीच सुरुवात झालेली असते. एका उत्साहाच्या सुट्टीत ब्रेक, कार्बोरेटर आणि वायरिंग असं तिन्ही एकदम उघडलं, तेव्हापासून. चालू न होणाऱ्या गाडीपाशी रोज सकाळी जायला तिशीतल्या माणसालाही जड जातं.

म्हणून साठीनंतर एक नियम पाळावा: एका वेळी एकच जागा उघडायची, आणि रविवारी संध्याकाळी गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहून सुरू झाली पाहिजे. जे काम एका शनिवार-रविवारात बसणार नाही, त्याचे तुकडे पाडायचे. तुकडे पडतच नसतील तर ते काम गॅरेजला द्यायचं. संपूर्ण गाडी खोलून पुन्हा बांधण्याचं स्वप्न या वयात धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तशा कित्येक गाड्या शेवटी पोत्यांतून भंगारात गेल्या आहेत.

ब्रेकचं उदाहरण घेऊ, कारण जुन्या गाडीत पहिला हक्क ब्रेकचा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत आणि बहुतेक गाड्यांत ब्रेकची लाइन एकच आहे. म्हणजे एका चाकाचा सिलिंडर गळला तरी पेडल थेट खाली जातं. चारही चाकं एकदम काढू नका. एक चाक, एक दिवस. ड्रम निघत नसेल तर घण मारण्याआधी अॅडजस्टर, म्हणजे शू सैल-घट्ट करायचा पेच, मागे फिरवा. ड्रमच्या आतल्या कडेला झिजून पायरी पडलेली असते आणि शू (ड्रमला आतून घासणारे दोन तुकडे) तिथे अडकतात. ड्रम निघाला की आतली धूळ हवेने उडवायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून साबणाचं पाणी मारून ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकायचं. सिलिंडरच्या टोकाचं रबर उचलून बघा. आत ओल दिसली तर किट, म्हणजे आतल्या रबरांचा संच, बदलायची वेळ झाली. बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) खड्डे पडले असतील तर नुसतं किट दोन पावसाळेही टिकत नाही, कारण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि ते पाणी सिलिंडर आतून खातं. अशा वेळी सिलिंडर नवा घ्यावा किंवा स्लीव्ह घालून आणावा. तेलाने भिजलेले शू धुऊन परत लावू नका, आणि बदलताना त्याच जोडीच्या दुसऱ्या चाकाचेही बदला. नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.

ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायला पूर्वी दुसरा माणूस लागायचा, पेडल दाबायला. आता चाकापाशी हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी लावायची, दुसरं टोक बाटलीतल्या नव्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं, नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह घालायचा, की एकट्याने काम होतं. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या. पेडल सावकाश दाबा, आणि मधूनमधून ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी बघत राहा. ती रिकामी झाली की हवा पुन्हा आत. ब्रेकचं डॉट ३ तेल दर दोन वर्षांनी बदलावं. पेंटवर सांडलं तर पुसत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता.

आता शरीराची गोष्ट. सगळ्यात जास्त त्रास काम जमिनीवर असण्याने होतो, त्यामुळे काम उचलून वर आणायचं. उभ्याने करायच्या कामाला टेबल ९० ते ९५ सेंटीमीटर उंच हवं. कार्बोरेटरसारखं बारीक काम असेल तर कोपरापेक्षा पाच-दहा सेंटीमीटर वर. चाकाच्या कामाला फूटभर उंचीचं, चाकं लावलेलं स्टूल घ्या, म्हणजे उकिडवं बसावं लागत नाही. टायरसकट चाक उचलू नका. खाली सपाट फावडं सरकवून ते तरफेसारखं वापरलं की चाक हबवर सहज चढतं.

गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीच नाही. दोन्ही बाजूंना स्टँड आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना ठोकळे. पद्मिनीला वेगळी चॅसिस नाही, बॉडीच भार पेलते. दारांखालची पट्टी आतून गंजली असेल तर जॅक सरळ पत्र्यात घुसतो. आधी पेचकसने ठोकून आवाज ऐका. खणखणीत आला तरच तिथे जॅक लावा. फोन वरच्या खिशात नको, तो आडवं झालं की घरंगळतो. पँटच्या बाजूच्या खिशात ठेवा. आणि खाली जाण्याआधी घरात सांगून जा.

डोळ्यांकडे लोक फार दुर्लक्ष करतात. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. त्यामुळे डॅशबोर्डखाली किंवा गाडीखाली वर बघताना मान मागे मोडावी लागते आणि अर्ध्या तासात मानेपासून खांद्यापर्यंत कळ येते. चष्मेवाल्याकडून ५० ते ६० सेंटीमीटर अंतरासाठी एकाच नंबराचा वेगळा चष्मा करून घ्या. तो वाचायच्या नंबरापेक्षा साधारण पाऊण ते एकने कमी निघतो. सोबत डोक्याला बांधायची बॅटरी. "आता दिसत नाही" म्हणून सोडून दिलेली निम्मी कामं एवढ्यावर परत सुरू होतात.

पॉइंटचंच बघा, म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या संपर्कांचं. बॉनेटवर वाकून, अंधारात, इवलासा स्क्रू पकडायचा आणि तो खाली पडला की गेला. त्यापेक्षा अख्खा डेल्को (डिस्ट्रिब्युटर, ज्यात पॉइंट असतात) टेबलावर आणा. कॅप काढा, रोटरचं तोंड कुठे आहे तिथे डेल्कोच्या कडेला खडूने खूण करा, डेल्को आणि इंजिन यांच्यावर दुसरी आडवी खूण करा, फोटो काढा, मग क्लँप ढिला करून उचला. डेल्को बाहेर असताना इंजिन अजिबात फिरवायचं नाही, नाहीतर टायमिंग पुन्हा पहिल्यापासून लावावं लागेल. टेबलावर पॉइंटची तोंडं साफ करा, टोकावर मध्येच डोंगर आणि समोर खड्डा दिसला तर कंडेन्सरही बदला. गॅप ०.४५ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, कॅमवर ग्रीसचं फक्त बोट पुसा. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं आणि करंट जातो. खुणा जुळवून परत बसवा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२.

बोटांच्या सांध्यांत जोर राहिलेला नसेल तर गंजलेला बोल्ट हा मन मोडणारा सगळ्यात मोठा शत्रू आहे. इथे ताकदीपेक्षा वेळ कामाला लावायचा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अॅसिटोन समान घेऊन पत्र्याच्या तेलदाणीत मिसळा, शुक्रवारी रात्री सोडा, शनिवारी सकाळी पुन्हा. हे मिश्रण पेट घेतं, जवळ विडी-सिगारेट किंवा वेल्डिंग नको. मग बोल्टच्या डोक्यावर सरळ चार ठोके, आधी किंचित आवळा, नंतर सोडा. पान्याचा दांडा ३० सेंटीमीटरऐवजी ४५ चा घेतला तर तेवढ्याच पिळाला जोर एक तृतीयांशाने कमी लागतो. पाना नेहमी आपल्याकडे ओढायचा. ढकलताना सुटला की बोटांची सालं निघतात. फियाटचे पाने मिलिमीटरचे. बारा कडांऐवजी सहा कडांची गोटी (सॉकेट) घ्या, बोल्टच्या कडा गोल होत नाहीत.

औषधं चालू असतील त्यांनी दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रक्तदाबाच्या गोळ्यांवर वाकलेल्या स्थितीतून झटकन उठलं की चक्कर येते. आधी बंपर धरा, दोन श्वास घ्या, मग सरळ व्हा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर हातमोजे सक्तीचे. मधुमेह असेल तर चप्पल घालून काम नको. पायात गेलेला पत्र्याचा कीस कळत नाही. पेसमेकर असेल तर चालू इंजिनच्या कॉइल आणि प्लगच्या वायरीवर छाती टेकवून वाकायचं नाही, किमान एक फूट अंतर. आर्क वेल्डिंग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन दर दहा वर्षांनी.

आपल्याकडचं हवामान कामाचं वेळापत्रक आपोआप ठरवतं, त्याच्याशी भांडू नये. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेसहा ते साडेनऊ, त्यानंतर हत्यारं आत. पावसाळा टेबलावरच्या कामांचा: वायपर मोटर, दाराची कुलपं, काच चढवायची यंत्रणा, सीटचे कापड, गेज, कार्बोरेटर. पावसात पेंट करू नका. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट सुकता सुकता पांढुरका पडतो. गाडीखालची कामं, किंगपिनचं ग्रीसिंग, पाट्यांचे बुश, पत्र्याचं काम हे सगळं दिवाळीनंतर.

काय स्वतः करायचं आणि काय सोडायचं, हे मोकळ्या मनाने ठरवावं. गिअरबॉक्स उतरवणं, इंजिन बोअर, क्रँक ग्राइंडिंग, फ्लोअरचा पत्रा बदलणं ही कामं द्यावीत. ब्रेक, इग्निशन, पेट्रोलची लाइन, वायरिंग आणि स्टिअरिंगच्या कॉलमवरच्या गिअरचं लिंकेज ही स्वतःकडे ठेवावीत. लिंकेजचं काम तर खास शिफारस करण्यासारखं आहे. बरंचसं उभ्याने होतं, बुश स्वस्त असतात, आणि एका दुपारनंतर जो गिअर शोधावा लागत होता तो जागच्या जागी पडतो. ज्या कामाचा फरक लगेच हाताला कळतो, असं काम वर्षातून दोन-तीनदा मुद्दाम निवडावं. मन टिकतं ते अशा कामांवर.

सध्या सगळ्यात निकडीचं काम पेट्रोलच्या लाइनचं आहे. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुने रबर पाइप फुगवतं, मऊ करतं. फ्युएल पंपाचा पडदाही त्यातच जातो. गाडी महिनोनमहिने उभी राहिली तर इथेनॉल पाणी ओढून घेतं, ते तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. इथेनॉल चालणारा फ्लोरो-रबरचा पाइप घ्या. नुसता "पेट्रोल पाइप" मागितला तर दुकानदार काहीही देईल, पाइपवर एसएई जे३० आर९ छापलेलं बघून घ्या. पंपाचं किट बदला, टाकीनंतर फिल्टर लावा. या पेट्रोलला त्याच हवेसाठी साधारण आठ टक्के जास्त इंधन लागतं. सोलेक्स कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटवरचा आकडा हा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, म्हणून व्यास चारेक टक्के वाढवला की झालं: १२० चा जेट असेल तर १२५. मग वीस किलोमीटर चालवून प्लग काढा. पांढरा असेल तर अजून कमी पडतंय, काळा-भुसभुशीत असेल तर जास्त झालं, चहाच्या रंगाचा असेल तर हात लावू नका. उन्हाळ्यात गाडी चढावर बंद पडली तर पंपावर ओलं फडकं ठेवा. हा टॅक्सीवाल्यांचा उपाय आजही चालतो.

पार्ट आता जमवून ठेवावे लागतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी यायची थांबून पाव शतक झालं. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून ही काळी-पिवळी गेली. टॅक्सी होत्या तोवर पार्ट बनवणाऱ्यांना गिऱ्हाईक होतं. कुर्ल्यातली जुन्या पार्टची दुकानं, ऑपेरा हाऊस, पुण्यात नाना पेठ आणि रविवार-बुधवारचा जुना बाजार इथे फिरताना सिलिंडरची किटं, वॉटर पंप, डेल्कोची कॅप, पुढच्या काचेचं रबर दिसलं की घ्या. रबराचा माल जास्त साठवू नका, कपाटातही तो कडक होतो.

एक वही ठेवा. काम थांबवताना, हात धुण्याआधी, पुढची एकच पायरी लिहायची: "मागचं डावं, सिलिंडर उघडला, किट टेबलावर, पाना ट्रेमध्ये." आणि तो पाना खरोखरच ट्रेमध्ये काढून ठेवायचा. आठ दिवसांनी आलं की विचार करत उभं राहावं लागत नाही. सुटे भाग झिपच्या पिशवीत, चिठ्ठी आतून. शेजारपाजारचा एखादा आयटीआयचा मुलगा किंवा कॉलेजातली मुलगी शनिवारी दोन तास येत असेल तर तिला पाने द्यायला उभी करू नका, पाना तिच्या हातात द्या आणि तुम्ही स्टुलावर बसून सांगा. नव्या गाड्यांत पॉइंट लावायला मिळत नाहीत, त्यामुळे शिकायला मुलं खरंच येतात.

पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. पण त्या नोंदणीवर रोजच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल अशा कामांपुरतीच गाडी रस्त्यावर आणता येते. रविवारी नातवंडांना घेऊन फिरायचं असेल तर साधी नोंदणीच वेळेवर नूतनीकरण करत राहावी.

आणि गाडी चालवाच. पाच मिनिटं जागेवर चालू ठेवून बंद केली तर तेलात पाणी साचतं आणि सायलेन्सर आतून सडतो. पंधरा दिवसांतून एकदा किमान अर्धा तास, तेल नीट तापेपर्यंत. परत आल्यावर बॉनेट उघडण्याआधी चारही चाकांच्या मधोमध हाताचा पंजा जवळ नेऊन बघा, टेकवू नका. तीन कोमट आणि एक भट्टीसारखं लागलं तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीये: अॅडजस्टर घट्ट आहे, शूची स्प्रिंग गेली आहे किंवा रबरी होज आतून फुगला आहे. वहीत चाक लिहा, आणि पुढच्या शनिवारी तेवढंच उघडा.