ट्रान्स प्रतिनिधीपदाला उभं राहताना

ब्रिटनमधल्या बऱ्याच विद्यापीठांच्या विद्यार्थी संघटनांमध्ये ट्रान्स विद्यार्थ्यांचा स्वतंत्र प्रतिनिधी निवडला जातो. कुठे त्याला ट्रान्स ऑफिसर म्हणतात, कुठे नुसतं ट्रान्स रिप्रेझेंटेटिव्ह. तिथे शिकणाऱ्या आणि या पदाचा विचार करणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहितो आहोत, कारण निवडणुकीचे नेहमीचे सल्ले इथे कामाला येत नाहीत. अध्यक्षपदाचा उमेदवार कॅन्टीनच्या दारात उभा राहून येईल त्याच्या हातात पत्रक देऊ शकतो. या पदाचा मतदार मात्र उमेदवाराला दिसत नाही, आणि दिसायलाही नको. अर्ज, प्रचार, मोजणी या सगळ्याची आखणी तेवढं एक धरूनच करावी लागते.

आधी वेळापत्रक बघा. मुख्य निवडणूक बहुतेक ठिकाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, आणि ती पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी असते. एक वर्षाच्या मास्टर्सला सप्टेंबरमध्ये आलेला विद्यार्थी पुढच्या वर्षी तिथे नसतोच, म्हणून बिनपगारी, अर्धवेळ पदासाठी तो मार्चमध्ये अपात्र ठरतो. त्याच्यासाठी संधी ऑक्टोबरमधल्या पोटनिवडणुकीची, म्हणजे विद्यापीठात पाऊल ठेवल्यापासून चार-पाच आठवड्यांत. त्यामुळे संघटनेची घटना (संविधान) आणि निवडणूक-नियमावली भारतातून निघण्याआधीच वाचून ठेवा. दोन्ही संघटनेच्या संकेतस्थळावर असतात. पद पूर्णवेळ पगारी असेल तर ते स्टुडंट व्हिसावरही करता येतं, पण जास्तीत जास्त दोन वर्षं. अर्ज भरण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून हे लेखी घ्या, तोंडी नको.

आता नाव. सगळ्यात जास्त त्रास इथे होतो, आणि तो जवळजवळ नेहमी टाळता येण्यासारखा असतो. ऑनलाइन मतपत्रिकेवर नाव छापणारं कोणी माणूस नसतं. संघटनेची यंत्रणा ते बहुधा विद्यापीठाच्या विद्यार्थी-नोंदीतून आपोआप उचलते. नोंदीत जुनं नाव असेल तर मतपत्रिकेवर, निकालाच्या पानावर, 'तुमचा अर्ज मिळाला' या ईमेलवर तेच उमटतं. तुम्ही अर्जात नवं नाव टाकलंत तरी कित्येकदा तो रकाना फक्त जाहीरनाम्याच्या पानाला जोडलेला असतो. बहुतेक विद्यापीठांत नोंदीमध्ये 'वापरातलं नाव' असा वेगळा रकाना असतो आणि तो बदलायला सहसा डीड पोल (नाव बदलल्याचा कायदेशीर दस्तऐवज) लागत नाही. पण बदललेलं नाव संघटनेच्या यंत्रणेत पोचायला वेळ जातो, म्हणून नामांकन सुरू व्हायच्या निदान दोन आठवडे आधी हे काम उरका. मग संघटनेच्या पानावर लॉगिन करून आपलं नाव कसं दिसतं ते स्वतः तपासा, आणि निवडणूक अधिकाऱ्याकडे मतपत्रिकेचा नमुना मागा. मागितला की सहसा देतात.

पैशाच्या बाबतीत तेच. प्रचारखर्चाला ठरावीक मर्यादा असते, आणि बऱ्याच ठिकाणी पावत्या दिल्या की पैसे परत मिळतात. बँक खातं जुन्या नावावर असेल तर परताव्याच्या अर्जावर दोन नावं येतात आणि लेखा विभागातला कोणी तरी हमखास विचारतो. तो अर्ज कोणाकोणाच्या हातात जातो हे आधी विचारून घ्या. नाहीतर खर्च एखाद्या विश्वासातल्या मित्राच्या खात्यातून करायची परवानगी आधीच मागा. तो खर्च मर्यादेत धरलाच पाहिजे, पण परतावा त्याच्या नावे जाऊ शकतो का हे नियमावलीवर अवलंबून आहे.

अर्जात अनुमोदक मागत असतील तर जरा थांबा. काही ठिकाणी अनुमोदकांची नावं जाहीर होतात, आणि अनुमोदक त्याच गटातला हवा अशी अट असली, तर सही करणारी व्यक्ती ट्रान्स असल्याचं एका ओळीत जगजाहीर होतं. दोन प्रश्न विचारा: नावं छापली जातात का, आणि अनुमोदक कोणीही विद्यार्थी चालतो का. उत्तर मिळाल्याशिवाय कोणाकडे सही मागू नका. स्वतःच्या बाबतीतही हिशेब मांडा. जाहीरनाम्याचं पान लॉगिनच्या आत आहे की सगळ्यांना उघडं? निवडणुकीनंतर ते काढतात का? निकालाची पानं वर्षानुवर्षं राहतात आणि नाव शोधलं की वर येतात. भारतातल्या घरी अजून माहीत नसेल, तर उभं राहण्याचा निर्णय म्हणजे घरी कळण्याची शक्यता पत्करणं, हे धरूनच चाला. फोटोऐवजी चित्र चालेल का, असं विचारायला काही हरकत नाही. बऱ्याच ठिकाणी चालतं.

या पदासाठी मत कोण देऊ शकतं? साधारण पद्धत अशी की जो स्वतःला ट्रान्स किंवा नॉन-बायनरी (फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष यात न बसणारा) म्हणवतो तो आपल्या प्रोफाइलमध्ये तशी खूण करतो, आणि मग त्याला ही मतपत्रिका दिसते. पुरावा कोणी मागत नाही, मागूही नये. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्याच्या ७ व्या कलमातलं संरक्षणसुद्धा लिंग-मान्यतेच्या सर्टिफिकेटवर किंवा डॉक्टरच्या कागदावर अवलंबून नाही. मतं बुडतात ती याच खुणेपाशी. विद्यार्थ्याला धास्ती असते की आपण खूण केली तर ती विभागाला दिसेल, घरच्या पत्त्यावर काही पत्र जाईल. म्हणून प्रचाराच्या पहिल्या दिवशी संघटनेला लेखी विचारा: ही खूण कोणाला दिसते, किती दिवस साठवली जाते, नंतर काढता येते का, आणि मतदानाआधी कुठल्या तारखेपर्यंत करावी लागते. आलेलं उत्तर जसंच्या तसं पत्रकावर टाका. शंभर पोस्टरांपेक्षा हे एक उत्तर जास्त मतं आणतं, असं आमचं ठाम मत आहे.

मतदार शोधत फिरू नका. 'अमुक ट्रान्स आहे ना, त्याला सांग' हा निरोप चांगल्या मनाने पाठवलेला असला तरी एखाद्याची सगळी घडी मोडू शकतो. यादी करू नका, कोणाला टॅग करू नका. एलजीबीटी सोसायटीच्या, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे विद्यार्थ्यांच्या मंडळाच्या समितीला सांगा की सगळ्या उमेदवारांचे जाहीरनामे एकत्र, सारख्याच जागेत पाठवा. सोसायटीची ईमेल-यादी स्वतः वापरली तर तो माहिती-संरक्षणाचा भंग होतो आणि उमेदवारी रद्द होऊ शकते. एरवी पत्रकं सगळ्या इमारतींत, सगळ्यांसाठी लावा. ज्याला हवं तो वाचेल. मतदान करणाऱ्याच्या फोनवर वाकून पाहणं किंवा आपला फोन त्याच्या हातात देणं जवळजवळ सगळीकडे बाद ठरवतं.

जाहीरनाम्याला शब्दमर्यादा असते, तेव्हा तीन मागण्या पुरेत, आणि त्या प्रतिनिधीच्या आवाक्यातल्या हव्यात. 'ट्रान्सफोबिया संपवू' याला मत मिळेल, पण वर्षभरात त्याचं करायचं काय? त्यापेक्षा हे लिहा: हजेरीपट, ग्रंथालय-कार्ड आणि ईमेल पत्ता ही तिन्ही ठिकाणं एकाच अर्जाने बदलली जावीत. ईमेल पत्ता सगळ्यात चिवट असतो, कारण तो पहिल्या दिवशीच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तयार होतो. जेंडर क्लिनिकच्या, म्हणजे ट्रान्स व्यक्तींवर उपचार करणाऱ्या दवाखान्याच्या पहिल्या भेटीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. प्रतिनिधी ती रांग कमी करू शकत नाही, पण त्या भेटीला आणि प्रवासाला परीक्षेच्या मुदतवाढीचं मान्य कारण म्हणून नियमांत बसवू शकतो. स्वच्छतागृहांबद्दल लिहिताना जपून. १६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने समानता कायद्यातल्या 'सेक्स' या शब्दाचा अर्थ जैविक लिंग असा लावला, आणि ट्रान्स व्यक्तींना भेदभावाविरुद्धचं संरक्षण कायम आहे, हेही सांगितलं. तेव्हापासून स्त्री-पुरुषांसाठीच्या वेगळ्या सोयी कोणी वापरायच्या या विषयावर विद्यापीठं शब्द तोलून बोलतात. आतून कडी लागणारी, भिंती पूर्ण असलेली एकेकट्याची स्वच्छतागृहं कुठल्या इमारतीत आहेत त्याचा नकाशा, आणि जिथे नाहीत तिथे एक, ही मागणी पुढे नेता येते.

जाहीर प्रश्नोत्तरांना जाण्याआधी विचारा: प्रश्न आधी लेखी घेतात का, चित्रीकरण होतं का, सूत्रसंचालक प्रश्न अडवू शकतो का. तुमच्या असण्यावरच वाद घालणारा प्रश्न आला तर 'हा पदाच्या कामाचा प्रश्न नाही, पुढचा घेऊया' एवढं पुरे. ऑनलाइन शिवीगाळ झाली तर उत्तर न देता वेळ आणि दुवा दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि निवडणूक अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा. तक्रारीची मुदत बहुधा मोजणी सुरू होण्याआधी संपते. त्यानंतर पुरावा कितीही पक्का असला तरी उपयोग होत नाही.

मोजणी पसंतीक्रमाने होते आणि मतपत्रिकेवर एक जादा नाव असतं: 'नामांकन पुन्हा उघडा' (री-ओपन नॉमिनेशन्स), तोंडी रॉन, म्हणजे उभ्या असलेल्यांपैकी कोणीच नको. एकच उमेदवार असला तरी त्याला रॉनला हरवावं लागतं. नमुन्यादाखल आकडे धरू. वैध मतं ६१, म्हणजे पहिल्याच फेरीत जिंकायला ३१. पहिल्या फेरीत अ २४, ब १९, क ११, रॉन ७. सर्वांत मागे रॉन, तो बाद. त्याच्या सातातली २ मतं अ कडे, १ ब कडे, आणि ४ जणांनी दुसरी पसंती लिहिलीच नव्हती म्हणून ती संपली. आता अ २६, ब २०, क ११. क बाद: ८ ब कडे, १ अ कडे, २ संपली. अ २७, ब २८. चालू मतं ५५ उरली, निम्म्याहून जास्त म्हणजे २८. ब निवडून आला, एका मताने, पहिल्या फेरीत पाचने मागे असून. म्हणून दुसऱ्या उमेदवाराच्या पाठीराख्यांकडेही 'दुसरी पसंती मला द्या' असं मोकळेपणाने मागा. त्यात कमीपणा नाही.

निवडून आलात की पदाचा ईमेल पत्ता हाती येतो. आधीच्या प्रतिनिधीची पत्रं त्यात तशीच पडलेली असू शकतात, आणि त्यात अशीही मुलं असतात ज्यांनी आयुष्यात फक्त त्या एकाच माणसाला स्वतःबद्दल सांगितलं होतं. ती वाचण्याआधी, कुठली ठेवायची आणि कुठली पुसायची हे आधीच्या प्रतिनिधीला फोन करून ठरवा. आपण पायउतार होताना, पासवर्ड देण्याच्या आदल्या दिवशी, तो ईमेलचा डबा पुन्हा एकदा स्वतः साफ करा.