खिडक्या, गॅरेजचं दार आणि करमाफी

जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं, तेव्हा श्रीवर्धनला आमच्या माहेरच्या घराचं मागचं दार आत कोसळलं आणि पाठोपाठ कौलं उडाली. आई नंतर फोनवर म्हणाली, "वारा आत शिरला गं, मग छप्पर राहतंय कुठे!" फ्लोरिडात टॅम्पाला आमच्या घराची पाहणी करायला आलेल्या माणसाने दोन वर्षांनी मला हेच समजावलं. एक खिडकी फुटली की आतला दाब वाढतो आणि छप्पर आतून वर ढकललं जातं.

आमचं घर १९९४ चं, म्हणजे राज्याचे कडक बांधकाम नियम २००२ मध्ये लागू झाले त्याआधीचं. सप्टेंबर २०२२ मध्ये इयन वादळ आमच्याकडे येता येता दक्षिणेला वळलं आणि फोर्ट मायर्सच्या बाजूला धडकलं. त्या आठवड्यात मी ठरवलं, आता खिडक्या बदलायच्याच.

राज्याने तेव्हा दोन सोयी केल्या होत्या. १ जुलै २०२२ ते ३० जून २०२४ या काळात वादळाचा मार सोसणाऱ्या खिडक्या, दारं आणि गॅरेजची दारं यांवर विक्रीकर माफ होता. आमच्या हिल्सबरो काउंटीत तो साडेसात टक्के. दुसरी सोय 'माय सेफ फ्लोरिडा होम' योजनेची: फुकट पाहणी, आणि आपण एक डॉलर घातला की राज्याचे दोन, जास्तीत जास्त १०,००० डॉलर.

पाहणीला आलेला माणूस तासभर माळ्यावर होता. छताच्या फळ्यांना खिळे किती अंतरावर आहेत, कैच्या भिंतींना कशा बांधल्यात, सगळ्याचे फोटो काढले. अहवालात खिडक्यांबरोबर गॅरेजचं दारही होतं. मला ते नको होतं, खर्च वाढत होता. पण विम्याच्या हप्त्यात खिडक्या-दारांच्या सुरक्षेसाठीची पूर्ण सवलत हवी असेल तर काचेची प्रत्येक जागा आणि गॅरेजचं दार, सगळं सुरक्षित लागतं. एक राहिलं की ती सवलत गेली. आईचं मागचं दार आठवलं आणि मी मान्य केलं.

मग आमची मोठी चूक होता होता राहिली. ठेकेदार म्हणाला, "पुढच्या आठवड्यात सुरू करू." नवऱ्याने आगाऊ रक्कम द्यायची तयारीही केली होती. मी अटी पुन्हा वाचल्या: अनुदान मंजूर होण्याआधी काम सुरू केलं तर पैसे नाहीत, आणि ठेकेदारही योजनेच्या यादीतलाच हवा. हा यादीत नव्हता. मंजुरीला काही महिने लागले, तोवर दुसरा शोधला.

करमाफीत एक खोच होती. इथे काच बसवून देणारा ठेकेदार मालावरचा कर स्वतः खरेदी करताना भरतो, आपल्या बिलात कराची वेगळी ओळच नसते. त्यामुळे करमाफीचा फायदा आपल्यापर्यंत आला की नाही, हे कळत नव्हतं. मी मालाची आणि मजुरीची किंमत वेगळी मागितली आणि त्याने दरात कर धरलाय का, हे सरळ विचारलं. धरला होता. नवं अंदाजपत्रक सातशे डॉलरने कमी आलं. विचारायला संकोच वाटला होता, पण ते पैसे आमचेच होते.

काम मार्च २०२४ मध्ये संपलं, शेवटची पाहणी झाली आणि मगच अनुदान आलं. तोवर सगळा खर्च आपल्या खिशातून करावा लागतो, ही तयारी ठेवा. आमच्या सीपीएने, म्हणजे कराचं काम बघणाऱ्या हिशेबनीसाने, आणखी एक गोष्ट सांगितली: राज्याचं हे अनुदान केंद्राच्या आयकरात उत्पन्न धरलं जाऊ शकतं. त्यासाठी थोडी रक्कम बाजूला काढून ठेवली, आणि पावत्या घर विकेपर्यंत जपायच्या आहेत.

९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मिल्टन वादळ आलं. गॅरेजचं दार तासन् तास थरथरत होतं, पण वाकलं नाही. वीज मात्र चार दिवस नव्हती.