ताळेबंद जुळला, तरीही

रविवार, रात्री उशिरा

बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. लेक कॉमर्सला, भाचा सायन्सला. आज दोघांनी एकाच टेबलावर जुने पेपर सोडवले, तिने बीकेचा (बुक-कीपिंगचा) आणि त्याने केमिस्ट्रीचा. तपासायला मी.

लेकीने भागीदारीच्या अंतिम खात्यांचं १२ गुणांचं गणित पुरं केलं. ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली आणि तिचा चेहरा खुलला. मला मात्र पेन खाली ठेववेना. अखेरच्या मालसाठ्याची मूळ किंमत ४०,००० आणि बाजारभाव ३६,००० दिला होता. यातली कमी असेल ती रक्कम घ्यायची असते. तिने व्यापार खात्यात ४०,००० धरले आणि ताळेबंदातही ४०,०००च. दोन्हीकडे तीच चूक झाल्यावर बेरीज जुळणारच! शिवाय ५,००० रुपये मजुरी द्यायची बाकी होती, ती ॲडजस्टमेंट (गणिताखाली दिलेली जास्तीची नोंद) तिच्या नजरेतून पूर्ण सुटली. मजुरीत मिळवून देण्यांत लिहायची राहिली असती, तर ५,००० चा फरक दिसला असता आणि तिनेच तो शोधून काढला असता. दोन्हीकडून सुटली म्हणून पत्ताच लागला नाही.

मुलं जुळलेल्या बेरजेवर फार विसंबतात. ताळेबंद जुळला की एवढंच कळतं की जे लिहिलं ते दोन्ही बाजूंना लिहिलं. काय लिहायचं राहून गेलं, हे तो सांगत नाही. म्हणून आता असं ठरवलंय: तेरजेला, म्हणजे गणितात दिलेल्या खात्यांच्या शिलकांच्या यादीला, हात लावण्याआधी खालच्या ॲडजस्टमेंट वाचायच्या. प्रत्येकीचे दोन ठिकाणी परिणाम होतात, म्हणून एकेक परिणाम लिहून झाला की त्या ॲडजस्टमेंटपुढे खूण करायची. दोन खुणा झाल्याशिवाय ती पुरी झाली असं मानायचं नाही. मोफत नमुने म्हणून वाटलेल्या मालाशी ती बराच वेळ झगडली, कारण दुसरा परिणाम ताळेबंदात शोधत होती. तो तिथे नसतोच. खरेदीतून वजा आणि नफातोटा खात्यात जाहिरात म्हणून नावे. ढोबळ नफा तेवढा वाढतो, निव्वळ नफा जागच्या जागी राहतो. हे कळल्यावर तिने आपणहून तसंच दुसरं गणित काढून सोडवलं. फार बरं वाटलं मला.

केमिस्ट्रीत तर बेरीज जुळण्याचाही आधार नाही. भाच्याचं गणित होतं पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचं: अर्धायुकाल (अर्धा पदार्थ संपायला लागणारा वेळ) २० मिनिटं, तर ९०% अभिक्रिया व्हायला किती वेळ लागेल? उत्तर आलं ६६४ मिनिटं. सूत्र बरोबर होतं, पण वेगस्थिरांक काढायला ०.६९३ ला २० ने भागताना ०.०३४६५ च्या जागी ०.००३४६५ झालं होतं. मी उत्तर सांगितलं नाही. एवढंच विचारलं, ४० मिनिटांनी किती उरेल? २५%. ६० मिनिटांनी? १२.५%. ८० मिनिटांनी? ६.२५%. मग १०% उरायला? तो क्षणभर थांबला, म्हणाला, “आत्या, साठ आणि ऐंशीच्या मधेच यायला हवं,” आणि स्वतःच दशांश चिन्ह शोधून काढलं. उत्तर ६६.५ मिनिटं.

परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्यामुळे असा अंदाज आधीच हाताशी असणं मला सूत्राइतकंच महत्त्वाचं वाटतं. सेंद्रिय रसायनात हा उपाय चालत नाही. तिथे अल्डॉल अभिक्रिया होईल की कॅनिझारो हे ठरवताना अल्फा हायड्रोजन (–CHO गटाशेजारच्या कार्बनवरचा) आहे का, हे रचना काढून बघावंच लागतं. ॲसिटाल्डिहाइडला आहे, बेन्झाल्डिहाइडला नाही. तो अजून नावांवरून पाठ करतोय, त्याची मला काळजी आहे.

गाइडमधली सोडवलेली उत्तरं मी कपाटात ठेवलीत. उत्तर समोर असलं की मुलं पायरी वाचतात आणि आपल्याला आली असं समजतात. आता आधी स्वतः तपासायचं, मग मी, आणि गाइड सगळ्यांत शेवटी. उद्या लेकीला भागीदाराची निवृत्ती, भाच्याला नर्न्स्टचं समीकरण.