चार वाजताचा डबा

मे महिन्यात धुळ्यात पारा 43-44 वर गेला की सगळ्यांच्याच अंगातून वाफा निघतात. त्यामुळे माझ्या वाफा उन्हाच्या नाहीत, पाळी जाण्याच्या आहेत, हे कळायला मला पुढचा डिसेंबर उजाडावा लागला. सगळं घर गोधडीत, आणि मी पहाटे तीनला पंखा लावून बसलेली. वय 48.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती म्हणायची, तुमची आत्ता वाटचाल सुरू आहे. इस्ट्रोजेन कमी होतं, चरबी पोटावर साठू लागते, कोलेस्टेरॉल वाढतं. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 6.0 टक्के निघाली. मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. ‘पाकीटबंद खाणं कमी करा,’ त्या म्हणाल्या. मला रागच आला. मी बाहेरचं खातेच कुठे?

घरी येऊन चष्मा लावला आणि डबे काढले. डायजेस्टिव्ह बिस्किटं, ब्राउन ब्रेड, सूपची पाकिटं. गंमत म्हणजे हे सगळं मी तब्येतीसाठीच आणलं होतं. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. बिस्किटात पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल, गव्हाचं पीठ कुठेतरी मागे. ब्रेडचा तपकिरी रंग कॅरमेलचा. सूपमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) आणि 627, 631, म्हणजे चव वाढवणारी रसायनं. टोमॅटो शोधावा लागला.

पुण्यात शिकणाऱ्या लेकीने फोनवर सांगितलं, ब्राझीलच्या कार्लोस मोन्तेइरो यांनी 2009 मध्ये अन्नाचे प्रकार पाडले, त्यातलं हे ‘अतिप्रक्रिया केलेलं’. ओळखायची सोपी खूण म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात कधीच नसणारे घटक. तिनेच 2019 मधला अमेरिकेतला एक प्रयोग सांगितला. 20 जणांना दोन आठवडे असं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. ताटात साखर, मीठ, चरबी, चोथा सारखाच, हवं तेवढं खा. तरी पाकिटवाल्या दिवसांत माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली. मला फार हायसं वाटलं. इतकी वर्षं मी आपल्या जिभेला शिव्या देत होते.

मग उत्साहात चूक केली. एका रविवारी सगळं उचलून भांडीवालीला देऊन टाकलं. चार वाजता सासूबाईंनी चहा घेतला, डबा उघडला आणि हाक मारली, “काय वं माय, आते घरमा बिस्किट बी नही का?” त्यांना दात नाहीत. चहात बुडवलेलं बिस्किट हाच त्यांचा दुपारचा आधार. मी त्यांना फुटाणे देणार होते का? दुसऱ्या दिवशी त्यांचा डबा वेगळा केला आणि त्यांच्या खोलीत ठेवला.

माझी खरी लढाई चार वाजताचीच होती. ती जिंकली सकाळच्या कळण्याच्या भाकरीने. चार वाट्या ज्वारीला एक वाटी काळे उडीद, थोडं मीठ, गिरणीतून दळून आणायचं. ठेचा आणि वर कच्चं तेल. पोट धरून राहतं. दुपारी बिबडा, म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा पापड, गॅसवर भाजायचा, सोबत मूठभर शेंगदाणे. पण घरचं म्हणजे सगळं निर्दोष, असं नाही. बिबड्यातही मीठ असतं, म्हणून एकच. आणि शेवभाजी? ती रविवारी होतेच. खान्देशात राहून ती सोडायला सांगणाऱ्याने आधी स्वतः सोडून दाखवावी.

मीठ मोजायची एक युक्ती हाती लागली. पाकिटावरच्या सोडियमला अडीचने गुणायचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते, म्हणजे सोडियम 2000 मिलिग्रॅम. हा हिशेब केल्यापासून नूडल्सचं पाकीट घेताना हात आपोआप आखडतो.

सहा महिन्यांत वजन तीन किलो उतरलं, साखर 5.7 आली. पोट फुगणं गेलं. वाफा मात्र गेल्या नाहीत, रात्रीच्या थोड्या कमी झाल्या. पण मी रात्री नऊचा चहाही बंद केला होता, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते ठरवता येत नाही.

सासूबाई अजूनही डबा पुढे करतात. “एक खाई ले वं, कोन देखस?” आठवड्यातून एखाद्या वेळी मी घेतेही.