फूटपट्टी असताना घड्या कशाला?

पालकसभेत दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच, "बाई, अपूर्णांक शिकवायला कागद कशाला दुमडत बसता? फूटपट्टीने मोजून रेघा मारल्या की झालं." पाचवीच्या वर्गाचे चांगले चार दिवस मी घड्यांवर घालवते, तेव्हा कारण विचारायचा तुम्हाला हक्कच आहे.

20 सेंटिमीटर बाजूचा चौरस कागद घ्या आणि फूटपट्टीने त्याचे तीन समान भाग करून बघा. 20 भागिले 3 म्हणजे 6.666... आणि भाग काही सुटत नाही. ही खूण फूटपट्टीवर कुठेच नाही. मूल 6.7 धरतं, तसे तीन भाग 20.1 होतात, म्हणून शेवटचा भाग बारीक राहतो. बरं, एवढं करून त्याने भागाकारच केलेला असतो. एकतृतीयांश म्हणजे काय, ते हाताला कळलेलं नसतं.

घडीचं तसं नाही. कडेवर कड आणली, नखाने दाबली, निम्मं झालं. पुन्हा दुमडलं, पाव. पुन्हा, आठ. दोन, चार, आठ. मधे तीन येतच नाहीत. इथे मुलं अडतात, आणि त्यांनी इथेच अडावं म्हणून माझा सगळा खटाटोप असतो.

एका मुलीने दोनदा घडी घालून चार भाग केले, एक फाडून बाकाखाली टाकला आणि उरलेला कागद माझ्यापुढे धरला. "बाई, तीन समान भाग!" भाग खरोखर समान होते. मी तो फाडलेला तुकडा उचलून तिच्या कागदाला जोडून धरला आणि विचारलं, "मी दिलेला कागद केवढा होता?" ती बराच वेळ जोडाकडे बघत राहिली. मग स्वतःच म्हणाली, "हे त्याचे पाव-पाव आहेत." छेद कशाचा मोजायचा, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल! पण त्या फाटलेल्या कडेने ते जसं सांगितलं, तसं खडूला कधी जमलं नव्हतं.

तीन भाग करायची एक युक्ती ओरिगामीवाले सर्रास वापरतात. कागदाची लांब पट्टी घ्यायची. डावीकडून तिसरा हिस्सा वाटेल तिथे चिमटीने खूण करायची, अगदी अंदाजे. उजवं टोक त्या खुणेवर आणून उरलेला भाग निम्मा करायचा, की दुसरी खूण मिळते. आता डावं टोक या दुसऱ्या खुणेवर. असं आलटून पालटून करत राहायचं. दर वेळी उरलेला भाग निम्मा होतो, तशी त्यातली चूकही निम्मी होते. अंदाज 8 मिलिमीटरने चुकला असेल, तर पुढे 4, मग 2, मग 1. चुकीच्या अंदाजापासून निघून बरोबर जागी पोचता येतं, हे मुलांना फार आवडतं. मलाही.

आणि अंदाज नकोच असेल, तर जपानमधले जीवशास्त्राचे प्राध्यापक कझुओ हागा यांची घडी आहे. चौरसाच्या वरच्या कडेचा मध्य काढा. खालचा उजवा कोपरा उचलून बरोबर त्या मध्यावर ठेवा आणि घडी दाबा. खालची कड आता तिरकी होऊन डाव्या कडेला छेदते. जिथे छेदते, तिथून खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर म्हणजे बाजूचा नेमका तिसरा हिस्सा. मोजमाप काहीच नाही.

फूटपट्टी बाहेर निघते ती आत्ता, पडताळ्यासाठी. त्यासाठी मी मुद्दाम 24 सेंटिमीटरचा चौरस कापून देते. घडी घातल्यावर वर दोन काटकोन त्रिकोण दिसतात. उजव्याच्या बाजू 9, 12, 15; डाव्याच्या 12, 16, 20. डाव्या कडेवर खाली उरतात 8. सगळ्या संख्या पूर्ण आलेल्या बघून मुलं पुन्हा पुन्हा मोजतात. हे दोन त्रिकोण समरूप आहेत, हा शब्द त्यांना वरच्या इयत्तांत भेटेल. पाचवीत एवढंच लक्षात येतं, की एक त्रिकोण दुसऱ्याचाच मोठा भाऊ आहे.

गेल्या आठवड्यात एकाने विचारलं, "बाई, पाच भाग कसे करायचे?" मी उत्तर दिलं नाही, कागदाच्या पट्ट्या दिल्या. वर्गात अजून त्यावरच काम चालू आहे.