मूठ वळत नाही तेव्हाची सकाळ

सकाळी उठल्यावर तासभर तरी माझी मूठ वळत नाही. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. नवऱ्याची हिंजवडीची बस कोथरूडहून सातच्या आत सुटते. मोठी सहा वर्षांची, धाकटा साडेतीनचा. दात घासणं, दूध, डबा सगळं नेमकं त्याच तासात येतं आणि मला तर टूथपेस्टचं झाकणसुद्धा फिरवता येत नाही.

तेव्हा मुलांच्या सवयी माझ्या हातांच्या भरवशावर ठेवायच्या नाहीत, असं आम्ही दोघांनी ठरवलं. पेस्ट टिचकीच्या झाकणाची आणली. वाटाण्याएवढी पेस्ट मोठीच काढते, भावालाही देते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना स्वतःचे दात नीट घासता येत नाहीत, म्हणून रात्रीचं घासणं बाबाकडे. तोटीचा माठ ओट्यावरून खाली बुटक्या स्टुलावर आला, शेजारी दोन फुलपात्रं आणि फडकं. धाकट्याने आधी आठवडाभर स्वयंपाकघरात तळं केलं. आता सांडलं की तोच पुसतो, म्हणजे पसरवतो.

हात धुण्याबाबत मात्र मी कडक आहे. या आजारासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी घेते. त्याने प्रतिकारशक्ती दबते, त्यामुळे बालवाडीतून आलेला सर्दी-ताप मला महागात पडू शकतो. हे मुलांना सांगून घाबरवायचं कशाला? बाहेरून आलं की साबण लावून बेचा पाढा म्हणायचा, सावकाश. बे दाहे वीस होईपर्यंत वीस सेकंद होतातच. धाकट्याला पाढा येत नाही, तो शेवटचं ‘बे दाहे वीस’ तेवढं जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडतो.

गोळ्या कुलपात. ‘आई, मी आणून देऊ?’ असं मोठी प्रेमाने विचारते, पण औषधाला मुलांनी हात लावायचा नाही. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर मोठ्या माणसाच्याही जिवावर बेतते, लहान पोराची काय कथा!

गोळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी अगदी गळून जाते. त्या संध्याकाळी मोबाइल मुलांच्या हातात जातो, त्याचं मला फार काही वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त तासभर स्क्रीन आणि 10 ते 13 तास झोप हवी. झोपेचं आम्ही सोडत नाही. साडेसातला जेवण, साडेआठला दिवा बंद. पाहुणे आले तरी. (यावरून सासरी माझं नाव झालेलंच आहे.) रविवारी बाबा दोघांना तळजाईच्या टेकडीवर नेतो. जमलं तर मीही जाते आणि पहिल्या बाकावर बसून राहते.

मला खरा राग येतो तो एकाच वाक्याचा. ‘भाजी खा, नाहीतर आईसारखं होईल.’ जवळचीच माणसं म्हणतात, मायेने म्हणतात. पण हा आजार भाजी न खाल्ल्याने होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. आणि पोरीने काय समजायचं? आईने लहानपणी भाजी टाकली म्हणून आईला शिक्षा झाली?

शेवटी तिने विचारलंच, ‘मलापण होणार?’ मी खरं ते सांगितलं. आईला असेल तर शक्यता थोडी वाढते, पण बहुतेक मुलांना होत नाही. सांधे सुजले, दुखले तर लगेच सांगायचं, आपण डॉक्टरांकडे जाऊ.

तिने थोडा विचार केला. ‘आणि भेंडी नाही खाल्ली तर?’

‘त्याने नाही होत.’

‘मग आज भेंडी नको.’

त्या रात्री वरणभात आणि काकडीवर भागलं. दुसऱ्या दिवशी डब्यात भेंडीच होती. अर्धी परत आली.