घुमटाखालचा खांब

स्थापत्य-प्रतिकृती तयार करणे हा माझा गेल्या पंधरा वर्षांचा व्यवसाय आहे. लोअर परळच्या एका गाळ्यात आम्ही सहा जण ॲक्रिलिक, एमडीएफ आणि लेझर कटिंग यांच्या आधारे मुख्यतः बिल्डरांचे टॉवर छोटे करून देतो. त्यामुळे एका ग्राहकाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची मोठी प्रतिकृती लेगोच्या विटांमध्ये करून मागितली, तेव्हा हे काम मी काहीसे हलक्यात घेतले, हे कबूल करायला हवे.

पहिला झटका प्रमाण ठरवताना बसला. लेगोच्या विटेवरील दोन स्टडांच्या, म्हणजे माथ्यावरच्या गोल उंचवट्यांच्या, मध्यांतले अंतर ८ मिलिमीटर असते, विटेची उंची ९.६ मिलिमीटर आणि पातळ प्लेटची ३.२ मिलिमीटर. आम्ही १:१०० हे प्रमाण धरले, म्हणजे एका स्टडमध्ये इमारतीचे ८० सेंटिमीटर आणि एका प्लेटच्या जाडीत ३२ सेंटिमीटर. या हिशेबात फलाटावरचा प्रवासी दोन विटांहूनही ठेंगणा ठरतो. जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या हातचे कोरीवकाम, पाने, फुले, प्राणी, पक्षी, यांतले फारच थोडे टिकणार होते. काय गाळायचे याची यादी करण्यातच आमचा पहिला आठवडा गेला. प्रवेशद्वाराच्या खांबांवरचे ब्रिटनचे प्रतीक असलेला सिंह आणि भारताचे प्रतीक असलेला वाघ मात्र हवेतच, असे ग्राहकाने बजावले होते.

रंगाचा प्रश्न त्यामानाने सोपा वाटला होता. मालाडच्या दगडाच्या पिवळसर छटेला लेगोचा टॅन हा रंग बऱ्यापैकी जवळचा आहे. परंतु सुट्या विटा तीन खेपांत आल्या आणि दुसऱ्या खेपेतला टॅन उघडच फिकट निघाला. पुरवठादाराने हात झटकले. त्या विटा आम्ही बाहेरून दिसणार नाहीत अशा जागी वापरायचे ठरवले.

खरी परीक्षा घुमटाची होती. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या काळात उभ्या राहिलेल्या या इमारतीचा मधला घुमट अष्टकोनी आहे, आणि लेगोचे जग काटकोनाचे आहे. अष्टकोनाच्या चार बाजू जाळीच्या रेषेत बसतात, उरलेल्या चार ४५ अंशांत तिरक्या जातात. सरळ बाजू सात स्टडांची धरली आणि कोपऱ्यात पाच-पाच स्टड सोडले, तर तिरकी बाजू ७.०७ स्टडांची हवी. आपल्या हाती असतात सात. म्हणजे प्रत्येक तिरक्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक फट राहते. ती बिजागरीच्या तुकड्यांच्या सैलपणात मुरते, असा अनुभव असल्याने आम्ही घुमटाच्या आठ पाकळ्या स्वतंत्र बांधल्या, प्रत्येक पाकळी तळाशी बिजागरीने जोडली आणि सगळ्यांची टोके मधोमध उभारलेल्या एका खांबावर टेकवली. खांब अर्थातच फिकट टॅन विटांचा होता. संगणकाच्या पडद्यावर ही रचना निर्दोष दिसत होती, कारण पडद्यावर वजन नसते.

प्रतिकृती सोमवारी सकाळी टेम्पोत चढायची होती. रविवारी सकाळी गाळा उघडला तेव्हा घुमट रात्रीतून बसलेला होता. बिजागऱ्या घर्षणावर धरतात. वजनाने त्या हळूहळू ढिल्या पडल्या होत्या, दोन पाकळ्या आत कलल्या होत्या आणि मुरेल असे वाटलेली फट एकाच कोपऱ्यात जमा होऊन तिच्यात बोट जाईल एवढी झाली होती. माझ्या सहकारी मुलीने गोंदाची बाटली पुढे केली. गोंद लावायचा नाही, अशी ग्राहकाची अट होती. आमच्याकडचे जुने सुतार, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, बराच वेळ टेबलाभोवती फिरले आणि म्हणाले, “ताई, तुम्ही सेंटरिंगच आत ठेवून दिलंय. ते काढता यायला पाहिजे.” सेंटरिंग म्हणजे बांधकाम चालू असताना खालून दिलेला तात्पुरता आधार; आमचा मधला खांब तेच करत होता.

मला उत्तर सुचले नाही. मी करी रोडला गाडी पकडली, मेगाब्लॉकमुळे ती उशिरानेच आली, आणि स्टेशनाबाहेर पडून महापालिकेच्या इमारतीसमोर जाऊन उभी राहिले. (तीही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ मध्ये पूर्ण झालेली, एकाच माणसाच्या दोन इमारती समोरासमोर असाव्यात आणि आपण रोज दोहोंमधून बसच्या मागे धावत जावे, याची गंमत वाटते.) तिथून घुमट नीट दिसतो: उजव्या हातात मशाल आणि डाव्या हाताशी चाक असलेला प्रगतीचा पुतळा, आणि त्याच्याकडे चढत जाणाऱ्या ठसठशीत फासळ्या. हा घुमट सेंटरिंगशिवाय, एकमेकींत खाचेने गुंतलेल्या फासळ्यांच्या जोरावर उभारला गेला, हे मी काम घेतानाच वाचले होते. वाचले होते आणि विसरले होते. आम्ही फासळ्या शेवटी, नक्षी म्हणून, पाकळ्यांच्या सांध्यांवर चिकटवल्यासारख्या बसवल्या होत्या.

दुपारी दोन वाजता आम्ही घुमट पूर्ण उतरवला. आता क्रम उलटा केला. आधी तळाचे अष्टकोनी कडे, मग आठ फासळ्या, आणि वर त्यांना बांधणारे छोटे कडे. फासळीसाठी प्लेटा आडव्या रचण्याऐवजी कडेवर उभ्या केल्या, म्हणजे त्यांची पकड वजनाच्या दिशेला आडवी आली आणि सांधे एकमेकांवर चुकवता आले, जसे गवंडी विटांचे सांधे चुकवतो. प्रत्येक फासळीच्या दोन्ही अंगांना आतल्या बाजूने एकेक प्लेट पुढे काढली, जेणेकरून पाकळीची कड तिच्यावर टेकेल. मामांनी याला दरवाजाच्या चौकटीची खाच म्हटले आणि ते अगदी बरोबर होते. अर्ध्या मिलिमीटरची ती फट प्रत्येक फासळीच्या आड जागच्या जागी लपली; तिला एका कोपऱ्यात गोळा व्हायला वाटच उरली नाही.

सहावी फासळी बसेपर्यंत सगळा सांगाडा डगमगत होता आणि एकदा तर तो माझ्या हातातच सुटला. आठवी बसली आणि वरचे कडे दाबले, तेव्हा तो एकदम ताठ झाला. पाकळ्या भरायला रात्रीचे साडेअकरा वाजले. खांब मात्र आतच होता, कारण तो काढण्याचे धाडस माझ्यात नव्हते. मामांनी तळाच्या पोकळीतून हात घातला, खांबाच्या विटा दोन-दोन करत सैल केल्या आणि बाहेर काढून टेबलावर ओळीने मांडल्या. आम्ही पंधरा मिनिटे बघत बसलो. नंतर मी पुतळा वर बसवला.

प्रवेशद्वाराच्या खांबांसाठी टॅन विटा कमी पडत होत्या, म्हणून घुमटातून निघालेल्या त्याच फिकट विटा तिथे वापरल्या. सिंह-वाघांकडे बघताना त्यांच्या खाली कोण बघणार, असा माझा हिशेब होता. सोमवारी ग्राहक प्रतिकृतीभोवती एक फेरी मारून आले आणि त्यांनी एवढेच विचारले, की या दोन खांबांचा रंग वेगळा का आहे.